सायकलने पुणे ते महाबळेश्वर: पहिल्या मोठ्या घाटवाटेची तयारी

रोड सायकल घेऊन काही महिने झाले, शहराभोवतीच्या सपाट रस्त्यांवर चाळीस-पन्नास किलोमीटर सहज होऊ लागले, की पुण्यातील बहुतेक नवे सायकलस्वार महाबळेश्वरचा विचार करू लागतात, आणि तो विचार योग्यच आहे. स्वारगेटहून निघाल्यास हे अंतर साधारण १२० किलोमीटर भरते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. मात्र वाटेत चढलेली उंची पुन्हा पुन्हा गमवावी लागते, त्यामुळे दिवसभरात प्रत्यक्ष चढावी लागणारी उंची दीड हजार मीटरच्या पुढे जाते. कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट लागतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा घाट पाय थकल्यानंतर, ८५ ते ९० किलोमीटर झाल्यावर समोर येतो. या वाटेची तयारी कशी करावी, कोणत्या वस्तूंवर पैसे खर्च करावेत आणि कोणत्या वस्तूंचा मोह टाळावा, हे नवख्या वाचकासाठी येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी वाट समजून घ्या

शहरातून बाहेर पडताना महामार्गाच्या बाह्यवळणावरील नव्या बोगद्याकडे न जाता जुन्या कात्रज घाटाने जावे. पहाटे या रस्त्यावर वाहने कमी असतात, चढ अंगावर येणारा नाही आणि शरीर हळूहळू तापते. जुना बोगदा ओलांडला की शिंदेवाडीकडे उतार लागतो आणि तेथून खेड शिवापूर, कापूरहोळ, सारोळा, शिरवळ अशी महामार्गाची लांब, चढउताराची पट्टी सुरू होते. सारोळ्याला नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. खंडाळा गावानंतरचा खंबाटकी घाट अंतराने छोटा आहे, परंतु तेथे मालवाहू गाड्या संथपणे चढत असतात आणि त्यांच्या शेजारून जाण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. घाट उतरल्यावर सुरूर फाट्याला महामार्ग सोडून उजवीकडे वाईच्या रस्त्याला लागायचे. वाईपासून पाचगणीपर्यंतचा पसरणी घाट सुमारे १२ किलोमीटरचा आहे. त्यात साडेपाचशे मीटरहून अधिक उंची चढावी लागते, म्हणजे चढाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास येते. पाचगणीनंतरचे १९ किलोमीटर नकाशावर सोपे दिसतात, पण रस्ता सतत वरखाली होत राहतो आणि थकलेल्या माणसाची तेथे खरी परीक्षा होते.

ऋतूची निवड ही तयारीची पहिली पायरी मानावी. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. त्या दिवसांत घाटात दाट धुके असते, रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते, आणि मागून येणाऱ्या गाडीला सायकल दिसेलच याची खात्री देता येत नाही. पावसाळ्यातील सह्याद्री कितीही बोलावत असला तरी पहिली मोठी घाटवाट पावसाळ्यात करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. शक्य असल्यास शनिवार-रविवारही टाळावेत, कारण सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊनंतर पसरणी घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते.

सायकल: वजन नव्हे, गिअर पाहा

दुकानात नव्या ग्राहकाचे लक्ष सायकलच्या वजनाकडे वेधले जाते. येथे थोडे गणित उपयोगी पडते. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो वजन धरले आणि पसरणी घाट चढायला दीड तास लागतो असे मानले, तर सायकल एक किलोने हलकी केल्यामुळे त्या चढावर जेमतेम एक मिनिट वाचते. त्या एका किलोसाठी मात्र अनेकदा तीस-चाळीस हजार रुपये जास्त मोजावे लागतात. तेच लक्ष गिअरकडे दिले, तर चढ चढता येणे आणि न येणे एवढा फरक पडू शकतो.

पुढच्या बाजूला पॅडलला जोडलेल्या दातेरी चकतीला चेनरिंग म्हणतात आणि मागच्या चाकावरील चकत्यांच्या संचाला कॅसेट. चढासाठी पुढची चकती लहान आणि मागची मोठी हवी. रोड सायकलचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर अंतर कापते. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल तेवढीच, २.१ मीटर, पुढे जाते. ताशी ८ किलोमीटर वेगाने चढताना मिनिटाला सुमारे ६३ फेरे पडतात आणि गुडघ्यांवर फारसा ताण येत नाही. मागे २८ दाते असतील तर त्याच वेगाला ५२ फेरे होतात. जुन्या शर्यतीच्या सायकलींवर पुढे ३९ आणि मागे २५ अशी जोडी असे. त्यावर हाच वेग ठेवायचा तर मिनिटाला केवळ ४१ फेरे पडतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात पाय अक्षरशः रेटावा लागतो. असे तास-दीड तास केल्यावर नवख्या माणसाचे गुडघे दुखणारच. म्हणून नवी सायकल घेताना पुढे ५०-३४ (५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या) आणि मागे ११-३२ किंवा ११-३४ (सर्वांत लहान चकती ११ दात्यांची, सर्वांत मोठी ३२ किंवा ३४ दात्यांची) अशी रचना मागून घ्यावी. सायकल आधीच घेतली असेल तर बहुधा फक्त कॅसेट आणि चेन बदलून काम भागते. मात्र मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तेवढी मोठी चकती पेलू शकतो का, हे कारागिराकडून आधी तपासून घ्यावे.

टायर २८ मिलिमीटर रुंदीचे असावेत. निदान २५ पेक्षा अरुंद नसावेत. टायरच्या कडेवर छापलेला हवेचा दाब ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची असते असा त्याचा अर्थ नाही. ७० किलो वजनाच्या स्वाराला २८ मिलिमीटरच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय दाब पुरतो. त्याहून जास्त दाब ठेवल्यास खराब रस्त्यावर सायकल उसळते, हात बधिर होतात आणि उतारावर टायरची पकड कमी होते.

ब्रेकविषयी तडजोड नको. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कड्यावर दाबणारे ब्रेक, असतील तर पॅडवरील खाचा अजून दिसत आहेत का ते पाहावे. त्या पुसल्या गेल्या असतील तर पॅड लगेच बदलावेत. डिस्क ब्रेकमध्ये पॅडचे घर्षणद्रव्य एका मिलिमीटरच्या जवळ आले असेल तर निघण्यापूर्वीच बदलणे शहाणपणाचे, कारण सलग दहा-बारा किलोमीटरच्या उतारावर झीज झपाट्याने होते. हायड्रॉलिक ब्रेकचे लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असतील तर त्यात हवा शिरली आहे असे समजून कारागिराकडे जावे. काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागते आणि काहींच्या ब्रेकमध्ये डॉट द्रव. एकाच्या जागी दुसरे घातल्यास आतील रबरी भाग खराब होतात, तेव्हा कोणते लागते हे माहीत नसणाऱ्या कारागिराच्या हाती सायकल देऊ नये.

बसण्याची रीत आणि अंगावरचे कपडे

सीटची उंची चुकली तर उत्तम सायकलही त्रास देते. भिंतीला आधार देऊन सायकलवर बसावे, टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल सर्वांत खाली न्यावे. या स्थितीत पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग नेहमीप्रमाणे पायाचा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडासा बाक येतो. गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूने दुखत असेल तर बहुधा वर आहे. बदल करायचा तो एका वेळी चार-पाच मिलिमीटरचा, आणि त्यानंतर दोन-तीन फेऱ्या मारून पाहायचे.

गादी असलेली सायकलिंगची चड्डी ही आठ-नऊ तासांच्या प्रवासासाठी गरजेची वस्तू आहे. तिच्या आत दुसरे अंतर्वस्त्र घालू नये, कारण शिवणीमुळे कातडी सोलते. आणि प्रत्येक वापरानंतर ती धुवावी. जाड, मऊ सीटमुळे आराम मिळेल हा समज लांब अंतरावर खोटा ठरतो. बसण्याच्या हाडांना आधार देणारी, योग्य रुंदीची, थोडी घट्ट सीट अधिक चांगली. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, कपाळाला समांतर बसले पाहिजे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एखाद-दोन बोटे शिरतील एवढीच जागा असावी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघताना थंडी असते, घाट चढताना घाम येतो आणि चढ संपताच वारा बोचू लागतो, म्हणून पाठीमागच्या खिशात मावणारे पातळ विंडचीटर आणि काढता-घालता येणाऱ्या बाह्या जवळ ठेवाव्यात.

पायाला पॅडलशी जोडून ठेवणाऱ्या क्लीटच्या बुटांबद्दल नवख्यांना फार उत्सुकता असते. ते उपयोगी आहेत, पण अनिवार्य नाहीत. घ्यायचेच असतील तर ज्यांच्या तळातील क्लीट आत दबलेली असते आणि जे घालून चालता येते, असे दोन स्क्रूचे बूट घ्यावेत. त्यांतून पाय सोडवण्याचा सराव मैदानात किंवा निर्जन रस्त्यावर किमान दोन-तीन आठवडे करावा. कडक तळव्याचे साधे बूट आणि सपाट पॅडल यांवरही पसरणी घाट व्यवस्थित चढता येतो.

पहाटेच्या अंधारात निघायचे असल्याने पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, शिवाय उजेड परावर्तित करणारे जाकीट आवश्यक आहे. मागचा दिवा दिवसाही चालू ठेवावा.

सोबत काय घ्यावे

सीटखालच्या छोट्या पिशवीत दोन ट्यूब, टायर काढण्याचे लिव्हर, पंक्चरच्या चकत्या, चेन तोडता येईल असे मल्टिटूल आणि आपल्या चेनला बसणारी एक जोडकडी असावी. छोटा पंप फ्रेमला लावावा. या वाटेवर पंक्चर काढणारी दुकाने आहेत, पण रोड सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बहुधा प्रेस्टा प्रकारचा, म्हणजे बारीक असतो आणि दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी त्याला बसत नाही. छोटासा पितळी अडॅप्टर जवळ असेल तर कोणत्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. पंक्चर काढताना नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून काटा किंवा तार शोधावी. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रक-टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात आणि टायरमध्ये राहिलेली तार नवी ट्यूबही लगेच फोडते. हे सगळे घरी, उजेडात, घड्याळ लावून दोन-तीनदा करून पाहावे.

दहा ते बारा आठवड्यांचा सराव

सरळ पन्नास किलोमीटर सायकल चालवता येत असेल तर या वाटेसाठी दहा-बारा आठवडे पुरतात. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा छातीत दुखण्याचा त्रास असणाऱ्यांनी सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हे औपचारिकता म्हणून लिहिलेले नाही.

आठवड्यातून चार दिवस सायकल चालवावी. त्यांतले दोन दिवस तासाभराचे आणि हलके असावेत, इतके हलके की सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. एक दिवस चढाचा असावा. पुण्यात राहणाऱ्यांसाठी बोपदेव घाट सुरुवातीला उत्तम. आधी एकदा, मग काही आठवड्यांनी सलग दोनदा आणि तीनदा चढावा. दिवे घाट आणि जुना कात्रज घाटही या कामी येतात. सिंहगडाचा रस्ता पसरणीपेक्षा बराच कडक आहे, त्यामुळे तो सातव्या-आठव्या आठवड्यानंतर, आपले सर्वांत हलके गिअर आजमावण्यासाठी एक-दोनदा चढावा. त्यावर न थांबता टिकता आले तर पसरणीच्या चढाची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. इतर शहरांतील वाचकांना ठाण्याजवळचे येऊर, नाशिककरांना कसारा घाट आणि कोल्हापूरकरांना पन्हाळा असे पर्याय आहेतच. चौथा दिवस लांब अंतराचा. पन्नासवरून साठ, सत्तर असे दर आठवड्याला थोडे वाढवत जावे, दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करून शरीराला विश्रांती द्यावी, आणि मुख्य दिवसाच्या साधारण दोन आठवडे आधी शंभर किलोमीटरची एक फेरी पूर्ण करावी. त्या फेरीत शेवटच्या तीस किलोमीटरमध्ये एखादा घाट येईल असा मार्ग निवडला, तर थकल्यावर चढ कसा वाटतो हे कळते. त्याच दिवशी मुख्य प्रवासात वापरायचे कपडे, बूट आणि खाणेही वापरून पाहावे. शेवटच्या आठवड्यात नवे काहीही विकत घेऊन लावू नये, ना सीट, ना बूट, ना टायर.

खाणे आणि पाणी

घाटात अचानक पायांतील बळ गेल्यासारखे वाटते, डोके जड होते, घाम थंड पडतो. यामागे बहुतेक वेळा उपासमार असते, सरावाची कमतरता नव्हे. स्नायू आणि यकृत यांत साठलेली साखर काही तासांच्या श्रमानंतर संपत येते. भूक लागण्याची वाट पाहिली तर उशीर होतो, म्हणून पहिल्या तासापासूनच, दर ३० ते ४० मिनिटांनी थोडे थोडे खावे आणि ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहावे. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गुळाची चिक्की आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे हे पदार्थ महागड्या जेलइतकेच काम करतात आणि पोटाला ओळखीचे असतात. शिरवळच्या आसपास थांबून पोहे किंवा इडली असा हलका नाश्ता करावा. वाईत मिसळीचा मोह होईल, परंतु तिखट-तेलकट खाऊन पाठोपाठ पसरणी चढणे पोटाला झेपत नाही. मिसळ परतीसाठी राखून ठेवावी.

पाण्याचे प्रमाण हवामानावर अवलंबून असले तरी तासाला अर्धा ते पाऊण लिटर हा अंदाज हिवाळ्यातील दिवसाला पुरतो. दोन बाटल्या न्याव्यात. एकीत साधे पाणी आणि दुसरीत ओआरएस. ओआरएसचे पाकीट जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे आहे ना, हे वाचून घ्यावे आणि लिहिलेल्या प्रमाणातच, म्हणजे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, कालवावे. वाईत दोन्ही बाटल्या भरूनच पुढे निघावे.

प्रत्यक्ष दिवस

पहाटे साडेचारच्या सुमारास निघाल्यास मधल्या थांब्यांसह दहाच्या आसपास वाई गाठता येते आणि ऊन चढण्यापूर्वी घाटाचा बराच भाग मागे पडतो. पहिल्या चाळीस किलोमीटरमध्ये वेग आपल्याला वाटतो त्याहून कमी ठेवावा. महामार्गावर डाव्या कडेच्या पट्टीने, एकामागे एक अशा रांगेत जावे. शेजारी शेजारी चालवत गप्पा मारण्याची ही जागा नव्हे. खंबाटकीचा उतार वळणांचा आहे आणि मागून अवजड वाहने येतात, तेथे वेगाचा आनंद घेण्यापेक्षा आपण दिसत राहू याची काळजी घ्यावी.

पसरणी घाटाच्या पायथ्याशी पाच मिनिटे थांबावे, काही खावे आणि चढ सुरू होताच सर्वांत हलक्या गिअरच्या एक गिअर अलीकडे राहावे, म्हणजे चढ वाढला तर हाताशी एक शिल्लक राहते. गिअर चढ अंगावर येण्यापूर्वी बदलावा. पूर्ण जोर लावलेला असताना बदलल्यास चेन अडकते किंवा तुटते. हात हँडलच्या वरच्या आडव्या भागावर ठेवावेत, खांदे सैल सोडावेत. बोलता येईल इतकाच श्वास लागावा; दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग कमी करावा. दर दहा-पंधरा मिनिटांनी पाव मिनिट सीटवरून उठून चालवले तर कंबर आणि पाठ मोकळी होते. आतल्या बाजूच्या वळणावर चढ नेहमी अधिक कडक असतो, म्हणून डावे वळण घेताना समोरचा आणि मागचा रस्ता मोकळा असल्यास कडेपासून थोडे बाहेर राहून वळावे. थांबावेसे वाटले तर थांबावे, पण वळणावर नव्हे, दोन्हीकडून दिसेल अशा रुंद जागी.

पाचगणी आल्यावर प्रवास संपल्याची भावना होते आणि तेथेच लोक खाणे-पिणे विसरतात. उरलेले १९ किलोमीटर सव्वा ते दीड तास घेऊ शकतात, हे लक्षात ठेवून पाचगणीत नीट वीस मिनिटे बसावे आणि विंडचीटर हाताशी घ्यावे.

उतार आणि परतीचा प्रश्न

घाट चढताना पडून फारसे लागत नाही. गंभीर अपघात होतात ते उतरताना. हात हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागात ठेवावेत, कारण तेथून ब्रेकवर पकड भक्कम राहते आणि शरीर खाली जाते. वेग वळणात शिरण्यापूर्वी कमी करावा आणि वळणात ब्रेक सोडून सायकल झुकू द्यावी. त्या वेळी बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि त्यावर भार, नजर जेथे जायचे आहे तिकडे. ब्रेक सतत घासत ठेवू नयेत. काही क्षण दोन्ही ब्रेक घट्ट दाबून मग सोडावेत, म्हणजे रिम किंवा डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. रिम ब्रेकच्या सायकलवर रिम फार तापून ट्यूब फुटू शकते, विशेषतः कार्बनच्या चाकांवर, त्यामुळे लांब उतारावर मध्ये एकदोनदा थांबणे हिताचे. घाटात माकडांची टोळकी, कडेला पसरलेली खडी आणि आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करणाऱ्या गाड्या या तिन्ही गोष्टी गृहीत धरूनच उतरावे.

दुसऱ्या दिवशी सायकलनेच पुण्याला परतण्याचा बेत नवख्यांनी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थकलेल्या पायांपेक्षा त्यामागचे मोठे कारण खंबाटकीचे आहे: पुण्याकडे येणारी वाहतूक परंपरेने बोगद्यातून जाते आणि बोगद्यानंतर पुण्याच्या दिशेने उतरणारे एसच्या आकाराचे वळण अपघातांसाठी ओळखले जाते. तेथील रस्त्याची कामे आणि वाहतुकीची व्यवस्था बदलत असते, म्हणून अनुभवी स्वारांनीही निघण्यापूर्वी सध्याची स्थिती विचारून घ्यावी. सकाळी लवकर, पर्यटक बाहेर पडण्याआधी, पसरणी घाट सायकलने उतरून वाई गाठावी आणि तेथून गाडीने परतावे, ही रचना सर्वांत सोयीची पडते. एसटीने परतायचे असेल तर सायकल घेतील का आणि तिचे भाडे किती, याची चौकशी वाईच्या आगारात आधीच करावी. गाडीत सायकल आडवी ठेवताना डिरेलरची बाजू वर ठेवावी, आणि डिस्क ब्रेकच्या सायकलची चाके काढली असतील तर कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागात, पुठ्ठ्याची घडी सरकवावी, नाहीतर चुकून लिव्हर दाबला जाऊन पॅड एकमेकांना चिकटतात.

घरी पोचल्यावर चेन पुसून तेल द्यावे, ब्रेकचे पॅड पुन्हा तपासावेत आणि टायर हाताने फिरवून त्यात रुतलेल्या काचा काढाव्यात. दोन-तीन दिवस फक्त हलके पॅडल मारावे. गुडघ्याचे किंवा टाचेमागच्या शिरेचे दुखणे आठवड्याभरात कमी झाले नाही, तर पुढची फेरी ठरवण्याआधी सीटची उंची आणि क्लीटची जागा जाणकाराकडून तपासून घ्यावी.